‘ॲप कळत नाही’ एवढ्यानं भागत नाही

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवर आली. सोबत वाचायलाही बरंच आलं : पायऱ्यांची पत्रकं, माहितीपुस्तिका, ‘मदत’ बटणामागची प्रश्नोत्तरं. इंदापूर-बारामतीकडे याबद्दलची कुरकुर पारावर होते आणि तिथंच विरते. सूचना लिहिणाऱ्यापर्यंत ती पोचत नाही, याला काही समजुती कारणीभूत आहेत.

गैरसमज : मला कळलं नाही, म्हणजे मीच अडाणी.

वस्तुस्थिती : लिहिणाऱ्याला ॲप तोंडपाठ असतं. गाळलेली पायरी तो मनातल्या मनात भरून घेतो, त्यामुळे ती गाळली गेली हेच त्याला दिसत नाही. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ते दिसतं. पुढच्या हंगामात सवय झाली की तोही विसरतो. म्हणून अडलं त्याच दिवशी टिपून ठेवावं.

गैरसमज : ‘नीट लिहा, काही समजत नाही’ हाही अभिप्रायच.

वस्तुस्थिती : हा राग झाला. तो रास्त असेलही, पण त्यावरून दुरुस्त काय करायचं ते कळत नाही. आपल्याकडच्या उसाचंच घ्या. समजा, पत्रकात नुसतं ‘लागवडीचा दिनांक भरा’ असं छापलंय. आडसाली ऊस असेल तर प्रश्न नाही, जुलै-ऑगस्टमधली तारीख टाकली की झालं. पण रानात खोडवा असेल तर? मूळ लागवडीची तारीख द्यायची, की आधीचा ऊस तुटून गेला ती? इथं उपयोगी अभिप्राय असा : “पीक माहितीच्या पानावर, लागवडीच्या दिनांकापाशी अडलो. पीक खोडवा ऊस. कोणती तारीख धरायची हे पत्रकात नाही. एक ओळ वाढवा.” कुठं अडलं, काय करत होतो, काय सापडलं नाही, काय हवं, सगळं त्यात आलं.

क्षेत्राचंही तसंच. आपण बोलतो गुंठ्यात, सातबारा बोलतो हेक्टर-आरमध्ये. वीस गुंठेवाल्यानं रकान्यात 20 टाकले तर ते वीस हेक्टर होतात. ‘क्षेत्र हे. आर. मध्ये भरा’ ही सूचना चूक नाही, अपुरी आहे. ‘उदा. 20 गुंठे म्हणजे साधारण 0.20’ एवढी भर सुचवली, तर लिहिणाऱ्याला ती जशीच्या तशी उचलता येते. माझ्या मते तयार वाक्य देणं हा अभिप्रायाचा सगळ्यात मोलाचा भाग, आणि तोच आपण कधी देत नाही.

गैरसमज : ॲप बिघडणं आणि सूचना चुकणं एकच.

वस्तुस्थिती : रेंज नसल्यानं माहिती अपलोड झाली नाही, यात पत्रकाचा दोष नाही. बटण पडद्यावर एका नावाचं आणि पत्रकात दुसऱ्या नावाचं असेल, तर तो दोष सूचनेचा. पुष्कळदा कागद फक्त जुना झालेला असतो. 2022 च्या सुधारित आवृत्तीत स्वतःची नोंद 48 तासांत दुरुस्त करण्याची सोय आली. त्याआधीचं पत्रक वाचणाऱ्याला ती कशी सापडणार? पुढं डीसीएस (डिजिटल क्रॉप सर्व्हे) नावाची आवृत्ती आली, तरी जुने व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतच राहतात. म्हणून ॲपची आवृत्ती आणि पत्रकाची तारीख आधी लिहावी.

गैरसमज : तलाठी भाऊसाहेबांना फोन केला, काम झालं, विषय संपला.

वस्तुस्थिती : तुमचा संपला. शेजारच्या गटातला माणूस उद्या तिथंच अडतो आणि त्यांनाच फोन करतो.

गैरसमज : हे इंग्रजी येणाऱ्या संगणकवाल्यांचं काम.

वस्तुस्थिती : संगणकवालेही हेच करतात, ते रीतसर नोंदवून ठेवतात एवढाच फरक. ‘पायथन’ या प्रोग्रामिंग भाषेच्या माहितीपानांतली चूक ही दोष म्हणूनच नोंदवली जाते, जगातल्या कोणालाही ती कळवता येते. खोडव्याची तारीख कुठं अडते, हे मात्र पुण्या-मुंबईच्या कार्यालयात बसलेल्यापेक्षा ऊस तोडणाऱ्या गावाला जास्त कळतं, आणि ते मराठीत सांगितलेलं चालतं.

येत्या हंगामात पाहणी करताना जिथं अडाल, तिथला स्क्रीनशॉट काढा, खाली चार ओळी लिहा आणि ‘मदत’मध्ये दिलेल्या मार्गानं किंवा तलाठी कार्यालयामार्फत पोचवा. तोच स्क्रीनशॉट गावच्या ग्रुपवर टाकणार असाल, तर नाव आणि खाते क्रमांक आधी झाका.