आगळ, सरदेशमुखी आणि बुगेर

नाते गावच्या एका शाळकरी वाचकाने विचारलं आहे: कोकमाच्या सरबतात तेवढंच पाणी ओतलं, तरी रंग बरोबर निम्मा का होत नाही?

आगळातलं, म्हणजे कोकमाच्या रसातलं, लाल रंगद्रव्य मुख्यतः हिरवा प्रकाश शोषतं. सरबताचे पातळ पातळ थर आहेत असं समजा. प्रत्येक थर प्रकाशातला ठरावीक हिस्सा घेतो, ठरावीक रक्कम नव्हे. रायगडाच्या वाटेवरच्या वाचकाला सरदेशमुखीचा दहावा हिस्सा समजावायला नको. इथे ती वसुली दर थराला, उरलेल्यावर पुन्हा. १०० चे ९०, मग ८१, मग ७३. वीस थरांनंतर उरतात १२. द्रव्य निम्मं केलं की जणू दहाच थर राहतात आणि ३५ भाग पार होतात, म्हणजे जवळजवळ तिप्पट! आत शिरलेला प्रकाश भागिले पार झालेला, याचा लॉगॅरिदम म्हणजे शोषणांक; तो घेतला की मात्र हिशेब सरळ येतो: शोषणांक ०.९२ चा ०.४६. हिरव्या प्रकाशात, ५४० नॅनोमीटरवर, रक्तातलं हिमोग्लोबिन मोजतात ते याच आकड्यावरून.

पुस्तकांत थरांच्या या हिशेबाला बिअर-लॅम्बर्ट नियम म्हणतात. हे नाव मला अन्यायाचं वाटतं. थरांचा हा विचार १७२९ मध्ये छापला प्येर बुगेर या फ्रेंच माणसाने. तो जहाजविद्येचा शिक्षक. १७२५ मध्ये त्याने पौर्णिमेचा चंद्र आकाशात खाली असताना आणि वर चढल्यावर मेणबत्त्यांशी ताडून पाहिला. हवा किती प्रकाश खाते ते त्याला हवं होतं. उजेड किती, हे डोळा सांगू शकत नाही. दोन उजेड सारखे आहेत का, हे मात्र नेमकं सांगतो. म्हणून मेणबत्त्या मागेपुढे सरकवायच्या आणि अंतरावरून गणित करायचं. केवढी साधी युक्ती! लॅम्बर्टचा ग्रंथ आला १७६० मध्ये, बुगेरच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, आणि त्यात बुगेरचा उल्लेखही आहे. विसरले ते नंतरचे लोक.

बिअरचं श्रेय खरं आहे. द्रावणाची तीव्रता आणि त्यातल्या प्रकाशाच्या वाटेची लांबी एकमेकींची भरपाई करतात, हे १८५२ च्या त्याच्या कामातून आलं. ते घरी पडताळता येतं. सरळ उभ्या काचेच्या ग्लासात निम्म्यापर्यंत गाळलेलं, फिकं सरबत घ्या, खाली पांढरा कागद ठेवा आणि वरून पाहा. आता काठोकाठ पाणी भरा. बाजूने रंग उतरलेला दिसेल, वरून जवळजवळ तितकाच. जवळजवळ म्हणतो, कारण पाण्याने आंबटपणा कमी होतो आणि कोकमाचा रंग आंबटपणावरही अवलंबून असतो. पावसाळ्यातल्या गांधारी नदीच्या गढूळ पाण्यावर मात्र हा प्रयोग करू नका. तिथे मातीचे कण प्रकाश विखुरतात आणि हिशेब चुकतो.