खाण बंद होते, सोमल राहतो

कारखान्याला टाळे लागले की आम्ही युनियनवाले आधी थकलेला पगार मागतो, मग ग्रॅच्युइटी. आवारात राहिलेल्या पिंपांत काय आहे हेही विचारायचे असते, ही अक्कल आम्हांला उशिरा आली. ती आली कॅनडातील एका हकीकतीवरून.

तेथे उत्तरेस यलोनाइफ शहराला लागून १९४८ पासून जायंट नावाची सोन्याची खाण चालत असे. सोने आर्सेनिकच्या खनिजात अडकलेले. ते सोडवण्यासाठी खनिज भाजावे लागे, आणि धुरातून निघे तो आपल्या जुन्या वैद्यांच्या ओळखीचा सोमल. प्रथम तो धुराड्यातून मोकळा सुटून बर्फावर बसे. तेच बर्फ वितळवून तिथले मूळचे डेने लोक पाणी पीत. १९५१ साली त्यांचे एक मूल दगावले. पुढे ही भुकटी धरून खाणीतल्याच कोठड्यांत कोंडू लागले. ती साठली २,३७,००० टन! सोमल पाण्यात विरघळतो, आणि शेजारी ग्रेट स्लेव्ह सरोवर.

१९९९ मध्ये मालक कंपनीचे दिवाळे निघाले, सोमल सरकारच्या गळ्यात पडला. २००४ साली खाण बंद झाली. मग ठरले, कोठड्यांभोवतालची जमीनच गोठवायची. त्यासाठी उभ्या नळ्यांत दाबाखाली कार्बन डायऑक्साइड भरतात. हिवाळ्यात वरच्या थंडीने त्याचा द्रव होतो, तो तळाशी उतरतो, तिथली उष्णता घेतो आणि वायू होऊन पुन्हा वर येतो. विजेचा खर्च नाही, युक्ती नामी! पण सोमल जागच्या जागीच. म्हणून २०१४ साली या योजनेला मंजुरी मिळाली ती फार तर शंभर वर्षांपुरती.

साऱ्या सफाईचा २०२२ सालचा अंदाज सुमारे ४३८ कोटी कॅनेडियन डॉलर. तो भरायचा तिथल्या करदात्यांनी.