बुर्ज खलिफा कुठे चालला?

दुबईतला 828 मीटर उंचीचा बुर्ज खलिफा जानेवारी 2010 मध्ये खुला झाला. तेव्हापासून तो इराणच्या दिशेनं साधारण फूटभर सरकलाय! अहो, घाबरू नका, इमारत कललीबिलली नाही. तिच्याखालची जमीनच उत्तरेला निघालीय. शारजा, अबुधाबी, मस्कत, मक्का, सगळी गावं तिच्याबरोबर चालली आहेत, कारण ती एकाच अरबी भूपट्टावर, म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराच्या एकाच तुकड्यावर, वसलेली आहेत. हा भूपट्ट वर्षाला दोनेक सेंटीमीटर सरकत युरेशियाच्या भूपट्टाला रेटतोय.

पण हे मोजलं कसं? उपग्रहांच्या मदतीनं! जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून सतत रेडिओ संदेश पाठवतात. निदान चार उपग्रहांचे संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून आपली जागा ठरते.

“छे! आमच्या गाडीतलं जीपीएस कधीकधी आम्हाला शेजारच्याच रस्त्यावर दाखवतं. ते सेंटीमीटर काय मोजणार?”

शंका अगदी रास्त आहे. मोबाइलला झटपट उत्तर द्यायचं असतं, त्यात काही मीटरची चूक चालून जाते. शास्त्रज्ञांना मात्र घाई नसते. ते अँटेना पक्क्या खडकात रोवतात आणि वर्षानुवर्षं तिथेच ठेवतात. जीपीएसच्या एका रेडिओ लहरीची लांबी असते सुमारे 19 सेंटीमीटर. त्या लहरीचा नेमका कितवा भाग अँटेनापर्यंत पोहोचला, हेही ते तपासतात. अशा ढीगभर नोंदींमधून मिलिमीटरचाही हिशेब लागतो.

आता खरी गंमत. जमीन किती सरकली यापेक्षा शेजारची जमीन तिच्याइतकीच सरकली का, हे जास्त महत्त्वाचं! मुंबई आणि दुबई वेगवेगळ्या भूपट्टांवर आहेत, पण दोन्ही भूपट्ट उत्तरेलाच चाललेत. त्यांच्या सीमेवर वर्षाला जेमतेम काही मिलिमीटरांचा फरक पडतो. मस्कत आणि समोरच्या किनाऱ्यावरचं इराणचं चाबहार मात्र वर्षाला जवळपास 2 सेंटीमीटर जवळ येतायत.

मग मधली जमीन जाते कुठे? सतरंजी भिंतीकडे ढकलली की तिला चुण्या पडतात ना? इराणचा झाग्रोस पर्वत म्हणजे अशाच चुण्या. त्याच्या पूर्वेला, मकरानच्या किनाऱ्याशी, समुद्राचा तळ थेट इराण-पाकिस्तानच्या खाली घुसतोय. घुसताना तो कुठे अडकला की ताण साठत जातो आणि एके दिवशी सारं झटक्यात सुटतं. तोच भूकंप! नोव्हेंबर 1945 मध्ये मकरानला असा मोठा भूकंप झाला, तेव्हा त्सुनामीच्या लाटा पार मुंबईपर्यंत आल्या होत्या. 16 एप्रिल 2013 ला इराण-पाकिस्तान सीमेजवळ 7.7 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा दुबईतले उंच टॉवर हलले आणि माणसं भराभर खाली उतरली.

भूकंपमापक जमिनीची थरथर टिपतो. पण वर्षानुवर्षं गुपचूप साठणाऱ्या ताणाला थरथर कुठली? तो पकडायला जीपीएस लागतं. शिवाय भूकंपात जमीन कायमची किती सरकली हेही ते सांगतं. 2011 च्या भूकंपात जपानच्या ओशिका द्वीपकल्पावरचं एक जीपीएस केंद्र चक्क 5 मीटरहून जास्त सरकलं होतं!

भूकंपाची तारीख मात्र जीपीएसला सांगता येत नाही. पण ताण कुठे साठतोय हे कळलं, तर तिथली घरं, शाळा आणि पूल किती मजबूत बांधायचे हे इंजिनिअरांना आधीच ठरवता येतं.