उपवासाच्या दिवशी शरीर कसे चालते?

नाशिकजवळच्या म्हसरूळ येथील गजपंथ सिद्धक्षेत्राची टेकडी फार उंच नाही. चारशेहून अधिक पायऱ्या चढल्या की लेणी येतात. परंतु पर्युषणात वा दशलक्षण पर्वात उपवास धरून वंदनेस निघालेल्या भाविकाच्या शरीराला एवढ्या चढणीतही आपली सारी यंत्रणा कामास लावावी लागते.

मांड्यांचे स्नायू अधिक प्राणवायू मागतात. श्वास वाढतो, विश्रांतीत मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवणारे हृदय त्याच्या दुप्पट-तिप्पट फिरवू लागते. पण इंधन कोठून येते? यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने सुमारे १०० ग्रॅम साखर साठवलेली असते. स्नायूंचा साठा मोठा, पण तो ज्याचा त्यालाच; रक्तात उतरत नाही. यकृताची शिदोरी साधारण एका अहोरात्रात संपत येते. मग चरबी वितळते, यकृत तिच्यापासून कीटोन घडवते, आणि वजनाने शरीराच्या २ टक्के असूनही सुमारे २० टक्के ऊर्जा वापरणारा मेंदू हळूहळू हे इंधन स्वीकारतो. अठाईचे दिवस निभावतात ते या व्यवस्थेमुळे. तपाचे मोल त्याने उणावत नाही.

अन्नाचा साठा असतो, पाण्याचा नसतो. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळून बहुतेक सारा परत घेतात. तरीही त्याज्य द्रव्ये बाहेर टाकण्यास सुमारे अर्धा लिटर मूत्र लागतेच. घाम आणि श्वास आपला वाटा वेगळा नेतात. तिविहार उपवासातील उकळलेल्या पाण्याचे महत्त्व येथे कळते. चौविहार असेल तर दुपारच्या उन्हात टेकडी चढू नये.

मधुमेहींची गोष्ट अधिक नाजूक. इन्सुलिन किंवा काही गोळ्या नेहमीच्याच मात्रेत घेऊन जेवण वगळले, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी निर्जल उपवासात चक्कर आणू शकते. स्वतःच्या मनाने औषध बंद करणेही तितकेच घातक. म्हणून पच्चक्खाण घेण्याआधी महाराजांना विचारतो तितक्याच सहजतेने डॉक्टरांनाही विचारावे. आजी-आजोबा बहुधा हा विषय काढत नाहीत. तो सुनेने वा नातवाने काढावा.

दीर्घ उपवासानंतर एकदम गोडधोड खाल्ल्यास इन्सुलिन उसळते, रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढले जातात आणि हृदयाची लय बिघडू शकते. पारण्याला मुगाचे पाणी थोडे थोडे देणाऱ्या जुन्या गृहिणींना ही नावे ठाऊक नव्हती.