देणगी मागण्याआधी

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत पुरी करून आले, तेव्हा कौतुक झाले ते मुख्यतः वेगाचे. ते योग्यच होते. कॅलिफोर्नियातील ओशनसाइडपासून पूर्व किनाऱ्यावरच्या अ‍ॅनापोलिसपर्यंतचे सुमारे ४,८०० किलोमीटर अंतर त्यांनी आळीपाळीने सायकल चालवून ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत तोडले. दोघांच्या संघाला मुदत असते ९ दिवसांची. परंतु ही दौड आदिवासींच्या नेत्रोपचारांसाठी होती, ही गोष्ट थोडी मागे पडली. एक बंधू भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. म्हणजे दोघेही रुग्णांत गुंतलेले गृहस्थ, पोटासाठी खेळणारे खेळाडू नव्हेत.

असे उदाहरण वाचले की आपल्या घरांतल्या तरुणांनाही हुरूप येतो. बिदर, भालकी, हुमनाबाद, गुलबर्गा या भागांत आपल्यापैकी कितीकांची आजोळे आहेत. तिकडच्या एखाद्या भाच्याने वा पुतण्याने सत्कार्यासाठी हजार किलोमीटर सायकल चालवायचे मनावर घेतले, तर त्याचे स्वागतच करावे. मात्र या कामात क्रम बहुधा उलटा होतो. आधी पत्रके निघतात, मग आप्तेष्टांकडून देणग्या येतात आणि त्यानंतर सायकलीच्या साखळीला तेल पडते! स्वार अर्ध्या वाटेवरून परतला, तर देणगीदार भिडेखातर पैसे परत मागत नाही. पण पुढच्या खेपेस तो हात आखडता घेतो. त्याची झळ लागते मोतीबिंदूच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्याला. म्हणून पावतीपुस्तक छापण्यापूर्वी आपली परीक्षा आपणच घ्यावी. त्यासाठी दूर जायला नको. बिदर ते कलबुर्गी आणि परत, एवढा रस्ता पुरे. (२०१४ पासून गुलबर्ग्याचे सरकारी नाव कलबुर्गी झाले; घरात मात्र जुनेच नाव चालते.)

हा रस्ता दिसतो सोपा. बिदर जांभ्या दगडाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर वसले आहे. तेथून पश्चिमेस हुमनाबाद सुमारे ५० किलोमीटर. पुढे रस्ता नैर्ऋत्येकडे वळतो आणि पठार सोडून काळ्या मातीच्या मुलखात उतरतो. कलबुर्गीची उंची साडेचारशे मीटरांच्या आसपास. तेव्हा जाताना उतार आणि येताना, अंग आंबलेले असताना, चढ. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जाताना छातीवर बसतो. उन्हाळ्याचे तर नावच नको. कलबुर्गीचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. दिवाळीनंतरचे तीनचार महिने त्यातल्या त्यात बरे. पण नेमका तोच उसाचा हंगाम असतो. मागे दिवा नसलेली, उसाने फुगलेली ट्रॉली पहाटेच्या अंधारात एकाएकी पुढ्यात उभी राहते. हुमनाबादेस सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरच्या मालमोटारींची गर्दी. आणि दत्तजयंतीच्या सुमारास माणिकनगरच्या यात्रेकरूंची वर्दळ निराळीच. पुढे-मागे ठळक दिवे, अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट आणि डोक्यावर हेल्मेट असल्याखेरीज घरच्या वडीलधाऱ्यांनी मुलास दाराबाहेर पडू देऊ नये. या बाबतीत त्यांची काळजी फाजील नव्हे.

जाऊन येऊन हे अंतर सुमारे २२० किलोमीटर भरते. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांची पॅरिसमधील जुनी संस्था ‘ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँ’ हिच्या नियमांनी जगभर, आपल्या देशातही, ज्या दौडी होतात, त्यांत २०० किलोमीटरांना साडेतेरा तास मिळतात; ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. ताशी पंधरा किलोमीटर म्हणजे फार नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु त्या साडेतेरा तासांतच पंक्चर, चहा, जेवण आणि झाडाखालची डुलकीही येते. घड्याळ कोणासाठी थांबत नाही.

नवशिक्याला भीती वाटते पायांची. पाय बिचारे निमूट असतात. तक्रार सुरू होते ती बैठकीची, मनगटांची आणि मानेची. अमेरिकेच्या याच शर्यतीत मायकेल शर्मर या स्वाराच्या मानेचे स्नायू १९८३ साली इतके थकले की डोके वर धरवेना. या दुखण्याला आज त्याचेच नाव आहे. उपाय एकच, अंगाला ओझे हळूहळू सोसायला शिकवणे. आठवड्याचे अंतर दहा टक्क्यांच्या आसपास वाढवावे, तीन आठवडे वाढवून चौथ्यात हात सैल सोडावा, सीटची उंची जाणत्याकडून बसवून घ्यावी आणि झोपेत काटछाट करू नये. हे कंटाळवाणे असते. त्यात हार-तुरे नसतात, छायाचित्रकार नसतो, बरोबर बहुधा कोणीच नसते.

खाण्याचेही तसेच. भूक लागल्यावर खाल्ले तर उशीर झालेला असतो. तासातासाला थोडे खावे, मीठ-साखरेचे पाणी घोटघोट घेत राहावे. या वाटेवर तर सोयच आहे: कमलापूरची लाल केळी. चवीला गोड, खिशात मावणारी आणि पोटाला हलकी. भाव मात्र साध्या केळ्यांहून चढा. परदेशी पाकिटांतला गोड लगदा त्यापुढे आम्हांस तरी फिका वाटतो.

राहिला पैशांचा प्रश्न. सायकल, प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च स्वाराने स्वतःच्या खिशातून, किंवा तेवढ्याचपुरता मदतगार गाठून करावा. देणगी म्हणून घेतलेली पै न पै ज्याच्यासाठी मागितली त्याच्याकडे जावी आणि हिशेब देणाऱ्यांना दाखवावा. हे पाळले गेले नाही, तर तो स्वाराचा प्रवास झाला, दानधर्म नव्हे.

भाचेबुवांनी तेव्हा एखाद्या रविवारी भल्या पहाटे बिदर सोडावे, कलबुर्गीस शरणबसवेश्वराचे दर्शन घेऊन उलट फिरावे आणि हुमनाबादच्या अलीकडचा चढ थकल्या अंगाने चढून पाहावा. सोमवारी सकाळी पुन्हा सीटवर बसवले, तर छापखान्याची वाट धरायला हरकत नाही.