माळ्यावरच्या गिटारीचे दुसरे आयुष्य

अनेक घरांत कपाटावर किंवा माळ्यावर एखादी जुनी गिटार पडून असते. कोणी तरी हौसेने आणलेली, दोन पावसाळे वाजविलेली आणि मग विसरलेली. तिची दांडी किंचित वाकलेली असते, पडदे झिजलेले असतात आणि तारा दांडीपासून इतक्या वर उचललेल्या असतात की दाबू गेल्यास बोटांची सालपटे निघावीत. दुरुस्तीला न्यावी, तर पडदे बदलण्याची व दांडी सरळ करण्याची मजुरी पुष्कळदा वाद्याच्या किमतीहून अधिक भरते. मग गिटार पुन्हा माळ्यावर जाते. परंतु गिटार वाजविण्याची एक रीत अशी आहे की, तिच्यात पडद्यांचे काहीच काम नसते. वाद्य मांडीवर आडवे घ्यावयाचे आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवावयाची. या रीतीत तारा उंच असणे हा दोष नव्हे. ती पहिली गरज होय.

ही रीत हवाई बेटांतली. ओआहू बेटावरील जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने १८८९ च्या सुमारास रुळाजवळ सापडलेला बोल्ट तारांवरून सरकवून पाहिला, अशी हकीकत सांगतात. काही जुन्या आठवणींत मात्र हा मान गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या, हिंदुस्थानात जन्मलेल्या एका तरुणाकडे जातो. ते काही असो. मिंडेचा स्वर भारतीय कानांना नवा नव्हता. विचित्र वीणा आणि दक्षिणेतील गोट्टुवाद्यम ही वाद्ये अशीच, तारेवर गुळगुळीत वस्तू सरकवून वाजविली जातात. म्हणूनच ब्रिजभूषण काब्रा यांना या परक्या वाद्यावर रागसंगीत वाजविता आले. १९६७ साली शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह निघालेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ती गिटार ऐकावयास मिळते. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीला बारा तरफा जोडून मोहनवीणा सिद्ध केली आणि १९९४ साली राय कूडर यांच्याबरोबर ग्रॅमी पारितोषिक मिळविले. घरी इतके धाडस करावयाचे कारण नाही.

प्रथम वाद्याची प्रकृती पाहावी. घोडीला नायलॉनच्या तारा गाठ मारून बांधल्या असतील, तर ती गिटार या कामाची नव्हे. पोलादी तारांचा ताण नायलॉनच्या जवळजवळ दुप्पट असतो. तो त्या पातळ तबलीला सोसत नाही. पोलादी तारांच्या गिटारीवर सहा तारा मिळून साठ ते ऐंशी किलोंच्या आसपास ओढ असते, हे ऐकून नवल वाटेल. पण घोडी उखडते व तबली फुगते ती यामुळेच. दांडी वाकली असली तरी चालेल, मात्र तिचा सांधा हलता कामा नये. तबलीवर बोटाच्या टोकाने जागोजाग टिचकी मारावी. कोठे फुटक्या मडक्यासारखा आवाज आला, तर आतील आधाराची पट्टी सुटली आहे असे समजावे. अशा जागी सुताराचा सरस लावावा. तो थेट विस्तवावर न ठेवता पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून पातळ करावा, आणि सांध्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवावे. सरसाचा मोठा गुण असा की, पुढे कधी सांधा उघडावासा वाटल्यास तो ऊब व ओल लागताच सुटतो. हट्टी आधुनिक गोंदांच्या अंगी हे सौजन्य नाही.

आता मेरू, म्हणजे दांडीच्या डोक्याशी तारा जिच्यावरून जातात ती हाडाची पट्टी. तिच्यावर बसेल अशी दुसरी उंच पट्टी हाडाची, शिसवीची किंवा धातूच्या कोनाची करावी, म्हणजे तारा पडद्यांपासून सुमारे एक सेंटिमीटर वर येतील. ती चिकटवू नये. तारांचा ताणच तिला धरून ठेवतो, आणि मन बदलले तर गिटार पूर्ववत होते. येथे एक बारकावा हमखास सुटतो. साध्या गिटारीत मेरू व घोडी बहुधा मध्ये किंचित फुगीर असतात. कांडी मात्र सरळ असते. म्हणून दोन्ही ठिकाणी कानस चालवून सर्व तारा एका पातळीत आणाव्या लागतात. नाही तर कडेच्या तारा कांडीला नीट लागत नाहीत, आणि वाजविणारा आपल्या हाताला दोष देत बसतो.

कांडीसाठी दोन सेंटिमीटर जाडीच्या गोल पोलादी सळईचा आठ सेंटिमीटर लांब तुकडा लेथवर कापून घ्यावा. त्याचे वजन दोनशे ग्रॅमच्या जवळ जाते, आणि तेच हवे. हलकी कांडी तारेवर थरथरते. कडा गोल करून तो अधिकाधिक बारीक पॉलिशकागदाने आरशासारखा घासावा. राहिलेला प्रत्येक ओरखडा स्वरात खरखर होऊन उतरतो.

स्वर लावताना जुन्या वाद्याची कीव करावी. गिटारीच्या नेहमीच्या तारा ई, ए, डी, जी, बी, ई अशा असतात. हवाई पद्धतीत त्यांतील तीन तारा दोन-दोन अर्धस्वर चढवून ए चा मेळ करण्याची चाल आहे. परंतु दोन अर्धस्वर चढविल्यास त्या तारेचा ताण सव्वापट होतो. त्याऐवजी चार तारा उतरवून डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी असा मेळ करावा. दोन अर्धस्वर उतरलेल्या तारेचा ताण एक-पंचमांश कमी होतो. डी ला षड्ज मानले, तर हाच मेळ सा, प, सा, ग, प, सा असा वाचता येतो.

चिकारी हवी असेल, तर सहांपैकी कडेची एक तार तिच्यासाठी द्यावी. पण ती पहिल्या तारेच्या वरच्या षड्जात, पूर्ण लांबीवर, चढवू पाहिल्यास तुटलीच म्हणून समजावे. सुमारे पासष्ट सेंटिमीटर लांबीवर त्या स्वराचा ताण पोलादाच्या शक्तीपलीकडे जातो. सतारीच्या दांडीवर चिकारीसाठी हाडाच्या छोट्या खुंट्या असतात, त्यांचे कारण हेच. तशी एक बारीक खुंटी बाराव्या पडद्याशी, दांडीच्या कडेला बसवावी. तार अर्धी झाली की पहिल्या तारेइतक्याच ताणावर वरचा षड्ज सहज मिळतो. मात्र ही तार इतर तारांहून खाली राहिली पाहिजे, म्हणजे कांडी तिला शिवणार नाही.

तारा एकाच दिवशी पूर्ण स्वरात आणू नयेत. तीन-चार दिवसांत हळूहळू चढवाव्यात. या दिवसांत रोज घोडीमागे एक सरळ पट्टी तबलीवर आडवी धरून पाहावी. पट्टीच्या दोन्ही टोकांखाली फट वाढत चालली, तर तबली फुगत आहे. त्याच क्षणी सर्व तारा सैल करून मेळ आणखी एक स्वर उतरवावा.