डब्याची पारख

बोर्ली पंचतनच्या बाजारपेठेत धान्याचे पोते दुकानात उतरले की व्यापारी आधी मूठभर दाणे तळहातावर घेतो. रंग, वास, ओलावा, कीड पाहिल्यावाचून माल काट्यावर चढत नाही. त्याच घरातील मुलगा लोणेरे, पुणे किंवा मुंबईच्या विद्यापीठात शिकावयास जातो, व्यायामशाळेत नाव घालतो आणि सुट्टीत येताना प्रोटीनचा मोठा डबा घेऊन येतो. तो डबा मात्र घरात कोणी पारखत नाही.

मुलांची चिंता अनाठायी नाही. आपल्या ताटात पोळी-भात अधिक आणि वरण पातळ असते. तरीही हिशेब मांडून पाहावा. शास्त्रीय प्रमाण शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनांचे आहे. 60 किलोच्या तरुणास सुमारे 50 ग्रॅम पुरतात. कठोर व्यायाम करणाऱ्यास काही अधिक. मूग, तूर वा हरभऱ्याच्या 100 ग्रॅम कोरड्या डाळीत 20 ग्रॅमांहून अधिक, अर्धा लिटर दुधात सुमारे 16 आणि पाव किलो कणकेत साधारण 25 ग्रॅम प्रथिने असतात. बेरीज 60 च्या पुढे जाते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार-मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी अशा भुकट्या टाळाव्यात, असे सांगितले. अतिरेकाने मूत्रपिंडांस व हाडांस अपाय संभवतो. त्याच वर्षी भारतीय बाजारातील 36 उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. सुमारे 70 टक्के डब्यांवरील प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. काहींत तर लिहिल्याच्या निम्मेच होती. आपल्या दुकानात अशी खोट आपण खपवून घेऊ काय?

दुसरी पारख धर्माची. ‘व्हे’ म्हणजे चीज करताना उरणारे दुधाचे पाणी. काही चीजसाठी दूध विरजण्यास वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात, आणि डब्यावर त्याचा उल्लेख असेलच असे नाही. ते द्रव्य प्राणिजन्य की सूक्ष्मजीवजन्य, हे कंपनीस लेखी विचारावे. कोलॅजन तर प्राण्यांच्या कातडी-हाडांपासूनच निघते. वाटाणा वा मुगाची भुकटी निर्दोष वाटते, परंतु ती कच्च्या दुधात कालवली की द्विदलाचा दोष येतो. आणि रात्री आठला व्यायामानंतर घेतलेल्या पेल्याने चौविहार मोडतो, तो मुलगा घरी सांगत नाही. खरी हानी या लपविण्यात आहे.

म्हणून रागावू नये. शेजारी बसून डबा वाचावा. जाताना फुटाणे, भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ आणि मुगाच्या डाळीचे लाडू बांधून द्यावेत. व्यायाम सकाळी करता येईल का, हे विचारावे. डबा हवाच असेल तर आहारतज्ज्ञांस दाखवून घ्यावा.

माल पारखण्याचे शिक्षण आपण मुलांस गल्ल्यावर देतो. तेच शिक्षण ताटाशीही द्यावे.